टोनी बोऊ आणि ट्रायल: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात मोटरसायकल ट्रायल या खेळाबद्दल, म्हणजे दगड-ओंडक्यांवरून पाय न टेकता गाडी नेण्याच्या खेळाबद्दल, आणि त्यातला आजवरचा सगळ्यात मोठा चॅम्पियन, स्पेनचा टोनी बोऊ याच्याबद्दल अर्धं पान दिलं होतं. जागा कमी होती म्हणून बरंच राहून गेलं, आणि मग तुमचे प्रश्न आले, काही गाडीबद्दल, काही माणसाबद्दल, काही थेट आपल्याकडच्या पोरांबद्दल. सारखे प्रश्न एकत्र केलेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की बोऊने १८ वर्षांत ३६ वर्ल्ड टायटल जिंकली. एका वर्षात दोनदा वर्ल्ड चॅम्पियन कसं होता येईल? छपाईत काही गडबड झाली का? (एक वाचक, सांगली)

नाही, आकडा बरोबर आहे. ट्रायलच्या दोन वेगळ्या वर्ल्ड चॅम्पियनशिप असतात. एक आउटडोअर, ती डोंगरात, ओढ्यात, जंगलात होते, तिला आता ट्रायलजीपी म्हणतात. दुसरी इनडोअर, तिचं नाव एक्स-ट्रायल, ती मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये होते आणि तिथे सगळे अडथळे बाहेरून आणून रचलेले असतात, ओंडके, काँक्रीटचे ठोकळे, लोखंडी पाइप, दगड. बोऊने २००७ मध्ये या दोन्ही जिंकल्या आणि तिथून २०२४ संपेपर्यंत दर वर्षी दोन्ही जिंकल्या, मध्ये एकही वर्ष सुटलं नाही. म्हणून १८ गुणिले २.

हा आकडा केवढा आहे ते कळायला आधीचे लोक बघा. बोऊसारखाच स्पेनच्या कातालोनिया प्रांतातला जॉर्डी तारेस १९८७ ते १९९५ या काळात ७ वेळा आउटडोअर चॅम्पियन झाला. मग इंग्लंडच्या यॉर्कशरमधला डगी लॅम्पकिन आला, त्याने १९९७ ते २००३ सलग ७ आउटडोअर आणि शिवाय ५ इनडोअर, अशी एकूण १२ टायटल घेतली. (डगीचे वडील मार्टिन लॅम्पकिन हे १९७५ मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू झाली तेव्हाचे पहिले चॅम्पियन, म्हणजे हे घराणंच ट्रायलचं.) बोऊने २०१२ मध्येच या १२ ची बरोबरी केली होती आणि २०२४ पर्यंत तो त्याच्या तिप्पट झाला. दुसऱ्या कुठल्या मोटरस्पोर्टमध्ये एका माणसाने इतकी वर्षं असं राज्य केलेलं मला तरी माहीत नाही.

प्रश्न: माझा मुलगा मोबाइलवर हे व्हिडिओ तासन्तास बघतो. मला त्यात फक्त एक माणूस गाडी दगडावर उभी करून डुलताना दिसतो. यात रेस कुठे आहे? जिंकतं कोण आणि कसं? (एक वाचक, नागपूर)

ताई, यात रेस नाहीच, आणि मुलाला नेमकं तेच आवडत असणार. इथे वेगाला किंमत नाही, किंमत आहे पाय खाली न टेकण्याला.

डोंगरात पट्ट्या बांधून छोटे छोटे टप्पे आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. एक सेक्शन छोटासाच, पण त्यात उभा कातळ, निसरडा ओढा, आडवे पडलेले ओंडके, असं काहीही असतं. रायडर आत शिरला की बाहेर पडेपर्यंत ऑब्झर्व्हर, म्हणजे पंच, त्याच्या पायांकडे बघत असतो. पाय एकदाही टेकला नाही तर ० पेनल्टी, याला क्लीन म्हणतात. एकदा टेकला १, दोनदा २, त्याच्यापुढे कितीही वेळा टेकला तरी ३. आणि गाडीवरून पडला, पट्टीच्या बाहेर गेला, किंवा वेळ संपली तर थेट ५. मोठ्या स्पर्धेत एका सेक्शनला साधारण मिनिटभर वेळ मिळतो. असे डझनभर सेक्शन, दिवसभरात दोन किंवा तीन फेऱ्या, आणि शेवटी ज्याची पेनल्टी सगळ्यात कमी तो जिंकला.

आता १ आणि ५ मधला फरक लक्षात घ्या, सगळा डाव तिथेच आहे. वर पोचणं शक्य नाही असं वाटलं तर शहाणा रायडर मध्येच एक पाय टेकून १ घेतो आणि ५ वाचवतो. कधी तो १ घ्यायचा आणि कधी ० साठी जीव तोडायचा हे काही सेकंदांत ठरवावं लागतं. तुम्ही म्हणता ना की तो नुसता डुलतोय, तेव्हा तो पुढच्या दगडाचा हिशोब करत असतो, गाडी हँडल एका बाजूला वळवून जागच्या जागी उभी ठेवायची, श्वास घ्यायचा, मागचं चाक थोडं उडवून सरळ करायचं आणि मग झेप.

अजून एक माणूस फ्रेममध्ये दिसेल, दगडावर चढून हात पुढे करून उभा असलेला. तो माइंडर. रायडर उंचावरून मागे कोसळला तर गाडी धरायची, किती सेकंद उरलेत ते ओरडून सांगायचं, हे त्याचं काम. रायडरचा सगळ्यात भरवशाचा माणूस असतो तो. आणि सेक्शनमध्ये जायच्या आधी दोघं तिथे चालत फिरून येतात, दगडाला बूट घासून बघतात, कुठे पकड आहे कुठे शेवाळ आहे. मुलाला सांगा की व्हिडिओमध्ये हा भाग असेल तर तो पळवू नकोस, खरा अभ्यास तिथे दिसतो.

प्रश्न: मी चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. फोर-स्ट्रोक गाडी ट्रायलला जड जाणार असं माझं मत. मग बोऊ मोंटेसाच्या फोर-स्ट्रोकवर इतका कसा जिंकला? आधी तो कुठे होता? (एक वाचक, पुणे)

काका, तुमचं मत अजिबात चुकीचं नाही, त्या काळात बऱ्याच जाणकारांचं हेच मत होतं आणि म्हणूनच ही गोष्ट सांगायला मला फार आवडते.

बोऊचा जन्म १७ ऑक्टोबर १९८६ चा, गाव पिएरा, बार्सिलोनापासून जवळच. लहानपणी तो सायकल ट्रायल करायचा, म्हणजे हाच खेळ पण इंजिनाशिवाय. मग मोटरसायकलवर आला, २००३ मध्ये इटलीच्या बेटा कंपनीच्या टू-स्ट्रोकवर वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरला. २००६ ला आउटडोअरमध्ये तो पाचवा होता. पोरगं उड्या भन्नाट मारतं पण चुकाही तेवढ्याच करतं, असा तेव्हाचा बोऊ. त्या वेळी राज्य होतं आदाम रागाचं, गॅस गॅस कंपनीच्या टू-स्ट्रोकवर त्याने २००५ आणि २००६ ची आउटडोअर टायटल घेतली होती.

२००७ च्या सीझनला दोन मोठे बदल झाले. डगी लॅम्पकिन मोंटेसा सोडून परत बेटाकडे गेला, आणि बोऊ बेटा सोडून मोंटेसाकडे आला. मोंटेसा म्हणजे बार्सिलोनाची जुनी कंपनी, १९४५ ची, पुढे ती होंडाकडे गेली. त्यांनी २००५ मध्ये कोटा फोर-आरटी नावाची फोर-स्ट्रोक आणली होती, फ्युएल इंजेक्शन आणि तेही बॅटरी नसताना, म्हणजे किक मारली की त्या एका किकेत जी वीज तयार होते तिच्यावर पंप आणि इंजेक्टर चालू होतात. तुम्ही गॅरेजवाले आहात, यातली करामत तुम्हाला वेगळी सांगायला नको. फोर-स्ट्रोकवर याआधी बेल्जियमचा एडी लेजन १९८२ ते १९८४ असा तीनदा चॅम्पियन झाला होता, तीही होंडाच, पण त्यानंतर सगळं मैदान टू-स्ट्रोकचं झालेलं.

टू-स्ट्रोक हलकी, झटकन रेस घेणारी, जागच्या जागी उडवायला सोपी. फोर-स्ट्रोक थोडी जड, पण तिचा प्रत्येक ठोका सावकाश आणि भरीव पडतो, त्यामुळे ओल्या दगडावर चाक फुकट फिरत नाही, दगडाला धरून राहतं. शिवाय उतारावर इंजिनचा ब्रेक मिळतो. अडचण होती ती झटक्याची. उभ्या भिंतीवर उडी मारायला जो अचानक जोर लागतो तो काढायचा कसा? बोऊने तो क्लचमधून काढला. इंजिन आधीच वर नेऊन ठेवायचं आणि क्लच एका बोटाने असा सोडायचा की फ्लायव्हीलमध्ये (इंजिनच्या जड फिरत्या चाकात) साठलेला सगळा जोर एका क्षणात चाकाला मिळेल. पकड फोर-स्ट्रोकची आणि उडी टू-स्ट्रोकची असं जमलं, आणि त्याच वर्षी दोन्ही टायटल. त्याच टीममध्ये त्याच गाडीवर जपानचा ताकाहिसा फुजिनामी होता, २००४ चा वर्ल्ड चॅम्पियन आणि अत्यंत कसलेला रायडर, पण फोर-स्ट्रोकवर त्यालाही परत टायटल घेता आलं नाही. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की बोऊ गाडीमुळे जिंकतो तेव्हा मला फुजिनामी आठवतो. पुढे हाच फुजिनामी २०२१ नंतर रिटायर होऊन बोऊच्या टीमचा मॅनेजर झाला.

प्रश्न: स्पेनचेच, त्यातही कातालोनियाचेच रायडर इतके का? तारेस, रागा, बोऊ सगळे तिकडचेच. (दोन वाचक, नाशिक आणि ठाणे)

फार चांगला प्रश्न. बोऊला एकटा चमत्कार समजून सोडून देतात ते मला पटत नाही, त्याच्या मागे चाळीस-पन्नास वर्षांची घडण आहे.

हा खेळ मुळात ब्रिटिशांचा. जड फोर-स्ट्रोक ब्रिटिश गाड्या, चिखल, पाऊस, स्कॉटलंडचे डोंगर. त्यातला राजा होता बेलफास्टमध्ये जन्मलेला सॅमी मिलर, १९५९ ते १९६९ सलग ११ वर्षं ब्रिटिश चॅम्पियन. मिलर एरियल कंपनीच्या गाडीवर जिंकायचा आणि १९६४ च्या शेवटी त्याने ती सोडून बार्सिलोनाच्या बुल्ताको कंपनीचा हात धरला. बुल्ताको म्हणजे मोंटेसातूनच १९५८ मध्ये बाहेर पडलेल्या फ्रान्सेस्क बुल्तो यांची कंपनी. मिलर तिकडे गेला, तिथल्या मेकॅनिकांबरोबर बसला, रोज गाडी डोंगरात नेऊन रोज बदल केले आणि त्यातून शेर्पा नावाची हलकी टू-स्ट्रोक ट्रायल गाडी उभी राहिली. १९६५ ला तिच्यावर त्याने स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल, म्हणजे स्कॉटलंडमधली सहा दिवसांची मोठी स्पर्धा, जिंकली आणि जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले.

मग बार्सिलोनाच्या आसपासच्या कंपन्यांमध्ये चढाओढच लागली, बुल्ताकोची शेर्पा, मोंटेसाची कोटा, ओसा, नंतर गिरोनाची गॅस गॅस. गाड्या तिथेच बनतात, डोंगर दाराशी, पाऊस ब्रिटनपेक्षा कमी, त्यामुळे वर्षभर सराव. याच्यात अजून एक गोष्ट झाली जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मोंटेसात काम करणाऱ्या पेद्रो पी यांनी आपल्या मुलासाठी ट्रायलसारखी छोटी सायकल तयार केली, तिचा पुढे कारखान्यातून मालही निघाला आणि गावोगावची पोरं सायकलवर दगड चढायला लागली. तारेस सायकल ट्रायलमधूनच आला आणि मागचं चाक उडवत जागेवर वळणं, पुढचं चाक हवेत ठेवून उभं राहणं हे सायकलवरचं सगळं त्याने मोटरसायकलवर आणलं. बोऊ त्याच्या पुढच्या पिढीचा, तोही सायकलवरूनच आला. म्हणजे कारखाना, डोंगर आणि सायकलवर मोठी झालेली पोरं हे तिन्ही एका जागी जमलं. यातलं एक काढलं तर बोऊ झाला नसता असं मी ठामपणे म्हणेन.

प्रश्न: माझ्याकडे बुलेट ट्रायल्स ३५० आहे. गाडीच्या नावातच ट्रायल्स आहे तर तिच्यावर सुरुवात करू का? पन्हाळ्याच्या बाजूला दगड भरपूर आहेत. (एक वाचक, कोल्हापूर)

दादा, दगडांवर नका नेऊ, गाडीचंही नुकसान आणि तुमच्या गुडघ्याचंही.

पण तुमच्या गाडीच्या नावामागे खरा इतिहास आहे तो माहीत असू द्या. रॉयल एन्फिल्डने १९४८ मध्ये मागच्या चाकाला सस्पेंशन असलेली बुलेट ब्रिटनमधल्या कोल्मोर कप ट्रायलमध्ये उतरवली होती, तेव्हा मागे शॉकअप असेल तर पकड जाते असं भलेभले म्हणायचे. मग जॉनी ब्रिटन नावाच्या तरुणाने एन्फिल्डच्या गाडीवर १९५२ आणि पुन्हा १९५७ मध्ये स्कॉटिश सिक्स डेज जिंकून दाखवली. २०१९ ला आपल्याकडे कंपनीने जी बुलेट ट्रायल्स आणली ती याच ब्रिटनच्या आठवणीत, म्हणून वर उचललेला सायलेन्सर, एकट्याची सीट आणि ३५० ला लाल फ्रेम.

पण ती रस्त्याची गाडी आहे, वजन १८५ किलोच्या पुढे. बोऊची गाडी सत्तरएक किलोची असते. स्प्लेंडरसुद्धा तिच्यापेक्षा जड. सीट नाहीच, कारण बसायचंच नसतं. टाकीत दोनएक लिटर पेट्रोल. इंजिनच्या खाली जमिनीपासून फूटभर मोकळी जागा. आणि मागच्या टायरात हवा ४-५ पीएसआय, आपण रस्त्यावर ३० च्या आसपास भरतो, म्हणजे ते टायर दगडावर अक्षरशः पसरून बसतं. तुमच्या बुलेटने कच्च्या रस्त्याने मस्त फिरा, उभं राहून चालवायचा सराव करा, मोकळ्या मैदानात हाफ क्लचवर अगदी सावकाश आठ काढा. त्यातून बॅलन्स इतका सुधारतो की ट्रॅफिकमध्येही फरक कळेल. आणि एक विनंती, पन्हाळा असो की कुठलाही गड, तिथल्या दगडांवर, पायऱ्यांवर, तटावर गाडी चढवायचा विचारही नको.

प्रश्न: दोन माणसांएवढा उंच कातळ गाडी चढते कशी? मी ऑफरोडिंग करतो पण मला हे फिजिक्सच कळत नाही. (एक वाचक, पिंपरी)

जोरात येऊन चढतो असं वाटतं पण तसं नसतं. कित्येकदा पळायला दोन मीटर पण जागा नसते.

क्रम असा असतो. आधी रायडर पाय वाकवून सगळं वजन खाली दाबतो, पुढचं मागचं सस्पेंशन दबतं, टायरही दबतं. लगेच तो अंग वर उचलतो, गाडी त्याच्याबरोबर उसळायला लागते आणि नेमक्या त्या क्षणी क्लच सुटतो. दबलेली स्प्रिंग, दबलेलं टायर, रायडरच्या पायांतला जोर आणि फ्लायव्हील, असे चार जोर एकदम लागतात. पुढचं चाक भिंतीला वर कुठेतरी आपटतं, ते आपटणं मुद्दामच असतं, त्याने गाडी भिंतीला चिकटते आणि सरळ वर वळते. मग मागचं चाक भिंतीला लागतं, तिथे टायरला जेमतेम एकदा धरायला मिळतं, आणि त्या एका धरण्यावर गाडी वर जाते. तोवर रायडरने हँडल पुढे ढकलून गाडी स्वतःच्या खालून वर जाऊ दिलेली असते. अंग आधी वर जातं, गाडी नंतर येते. आपण ऑफरोडवाले नेमकं उलटं करतो, रेस पिळतो आणि मागे लटकतो, मग गाडी अंगावर येते.

बोऊचं वेगळेपण असं की जिथे इतर लोक दोन टप्प्यांत चढायचे तिथे तो एकाच उडीत जायला लागला, आणि चुकलं तरी हवेत गाडी वाकवून सावरायला लागला. सेक्शन आखणारे मग अडथळे अजून उंच करत गेले आणि बाकीच्यांना त्याच्या मागे पळावं लागलं. पण माझ्या मते त्याची खरी ताकद चुकल्यानंतर दिसते. पहिल्या फेरीत ५ बसले की दुसऱ्या फेरीत त्याच सेक्शनवर तो कसा येतो ते बघा, चेहऱ्यावर काही नसतं, लाइन बदललेली असते आणि क्लीन.

आणि तुम्हाला घरी करायचं असेल तर भिंतीपासून नको. एक जाड ओंडका घ्या, गुडघ्याच्या खालच्या उंचीचा, इंजिन चालू, पहिला गिअर, आणि फक्त दाबायचं, उठायचं, क्लच सोडायचा हे टायमिंग पक्कं करा. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, घोट्याच्या वर येणारे बूट, आणि बाजूला एक माणूस, यातलं काही नसेल तर त्या दिवशी गाडी काढू नका.

प्रश्न: एकच माणूस सतत जिंकत असेल तर बघायला कंटाळा नाही येत? (एक वाचक, ठाणे)

मला नाही येत आणि त्याचं कारण सांगतो. टायटलचा आकडा बघितला तर सगळं सोपं वाटतं, प्रत्यक्षात दिवस एका-दोन पेनल्टीवर जातो. रागाने हार मानली नाही, वर्षानुवर्षं तो बोऊच्या मागे दुसरा येत राहिला, त्याच्या जिद्दीबद्दल खरं तर वेगळा लेख हवा. अलीकडे खाइमे बुस्तोसारखे तरुण रायडर बोऊला हरवून राउंड जिंकतात. सीझनभर कोण टिकतं हा प्रश्न शेवटी उरतो.

नियमही बदलले. २०१३ मध्ये आउटडोअरला नॉन-स्टॉप आणलं, म्हणजे गाडी पुढे जात राहायला हवी होती, थांबली की ५. आता विचार करा, जो माणूस जागेवर थांबून, चाक उडवून, मग झेप घेण्यात जगात पहिला, त्याचं हत्यारच काढून घेतल्यासारखं झालं. अनेकांना वाटलं आता संपलं. त्याने वाहत्या चालीत चालवायला स्वतःला नव्याने तयार केलं आणि त्या वर्षीही चॅम्पियन झाला. २०२१ ला सीझन सुरू व्हायच्या तोंडावर पायाला फ्रॅक्चर झालं, तरी उतरला. इटलीतल्या त्या पहिल्या राउंडला फुजिनामीने चाळिशी ओलांडलेली असताना राउंड जिंकला आणि बोऊने शेवटी टायटल राखलं. ज्या खेळात सगळं पायावर उभं राहून करायचं असतं तिथे मोडलेल्या पायाने उतरणं म्हणजे काय ते ज्याने प्लास्टर सोसलंय त्याला कळेल.

प्रश्न: यात बायका आहेत की नाही? असतील तर त्यांच्याबद्दल कोणी लिहीत का नाही? (एक वाचक, मडगाव)

आहेत, आणि तुमची तक्रार मान्य. महिलांची ट्रायल वर्ल्ड चॅम्पियनशिप २००० मध्ये सुरू झाली आणि कातालोनियाच्याच लाया सान्झने २००० ते २०१३ या काळात फक्त एक वर्ष सोडून दर वर्षी ती जिंकली, १३ टायटल. शिवाय तिने वाळवंटातल्या डकार रॅलीत मोटरसायकल घातली आणि २०१५ ला सगळ्या पुरुष-महिलांमध्ये मिळून नववी आली. वाळूत हजारो किलोमीटर जाताना ट्रायलमधला बॅलन्स किती कामाला येतो याचं ती जिवंत उदाहरण. तिच्यानंतर इंग्लंडच्या एमा ब्रिस्टोने बरीच वर्षं गाजवली.

प्रश्न: मी लीड्सला असते. हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठे जाऊ? (एक वाचक, इंग्लंड)

अहो, तुम्ही तर यॉर्कशरमध्ये, लॅम्पकिन घराण्याच्या अंगणातच आहात. आसपासच्या क्लबांच्या रविवारच्या ट्रायल बघा, तिथे म्हाताऱ्या बाबांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळे उतरतात. मोठं बघायचं तर मे महिन्याच्या सुरुवातीला स्कॉटलंडला फोर्ट विल्यमला जा, स्कॉटिश सिक्स डेज, शंभर वर्षांहून जुनी, सहा दिवस, रोज ३० सेक्शन, बेन नेव्हिसच्या अंगाखांद्यावर. डगीने ही १२ वेळा जिंकलीय. तोच डगी ज्याने २०१६ मध्ये आइल ऑफ मॅनचा साधारण ६० किलोमीटरचा पूर्ण टीटी रेसचा रस्ता एका चाकावर पार केला. चालायचे बूट आणि चांगला रेनकोट न्या. दक्षिणेकडे कधी गेलात तर न्यू मिल्टनला सॅमी मिलरचं म्युझियम आहे, तिथे त्याची जीओव्ही १३२ नंबरची एरियल ठेवलेली आहे.

प्रश्न: मी सातवीत आहे. मला बोऊसारखं व्हायचंय पण बाबा म्हणतात गाडीला हात लावायचा नाही. काय करू? (एक वाचक, सातारा)

बाबा बरोबर सांगतात, आणि तुझं कामही अडत नाही. बोऊ तुझ्या वयात असताना सायकलवर होता हे बाबांना वाचून दाखव.

सीट पूर्ण खाली कर, टायरात हवा थोडी कमी ठेव, हेल्मेट घाल. पहिलं काम, पेडलवर उभं राहून सायकल जागेवर थांबवायची. दोन्ही पेडल आडवी, पुढचं चाक थोडं वळलेलं, ब्रेक हलकेच, आणि नजर चाकाकडे नाही तर चार-पाच फूट पुढे जमिनीवर. आधी दोन सेकंद जमेल, मग पाच. ते जमलं की अंगणात विटा मांडून त्यांच्यामधून पाय न टेकता अगदी सावकाश जा, मित्राला ऑब्झर्व्हर कर आणि खऱ्या नियमाने ०, १, २, ३, ५ लिही. मग एक वीट आडवी ठेवून तिच्यावरून आधी पुढचं चाक उचलून न्यायचं, नंतर मागचं. दगड त्याच्यानंतर, आणि पहिला दगड विटेएवढाच. रस्त्यावर, उतारावर किंवा विहिरीच्या जवळ यातलं काही करायचं नाही.

ट्रायलची मोटरसायकल आपल्या शोरूममध्ये मिळत नाही, त्यामुळे तिची घाईही नको. सायकलवर चाक उडवत जागेवर वळता आलं की मला परत लिही, पुढचं तेव्हा सांगतो.